टोकाचा मोर

१

कुंदाबाई सबनीस गॅलरीतून पडल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर कठड्यातला एक मोरही खाली आला. बाई जागच्या जागी गेल्या. मोर पोलिसांनी उचलून नेला.

मुलुंड पश्चिमेला आमच्या गल्लीत सबनीसांचं जुनं दुमजली घर आहे. चहूबाजूंनी टॉवर उठले तरी हे घर जागचं हललं नाही. वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने लांब गॅलरी, आणि त्या गॅलरीला बिडाचा नक्षीदार कठडा. कठड्याच्या प्रत्येक जाळीत एक मोर, पिसारा मिटलेला, मान मागे वळवलेली. कुंदाबाईंच्या सासऱ्यांनी तो हौसेने घडवून घेतला होता. रिक्षावाल्याला ‘मोरवाला बंगला’ एवढं सांगितलं तरी तो दारात आणून सोडतो.

यंदा बाईंनी कठडा दुरुस्तीला काढला. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत जयवंत परबांचं लोखंडी नक्षीकामाचं वर्कशॉप आहे. परबांनी सगळे मोर उतरवून नेले, गंज काढला, रंग दिला आणि नवरात्राच्या आत पुन्हा जागेवर बसवले. दसरा झाला, कोजागिरी झाली, आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी बाई टोकाच्या मोरासकट खाली फरशीवर पडल्या.

मी सुबोध टिपणीस, वकील. लोकांची भांडणं निदान वाढू नयेत एवढं बघतो, आणि त्यातही फारसं यश येत नाही. परबांची बायको शेवंती माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, साधं काम आहे. हलगर्जीपणाने मृत्यू, जामीन ठेवलेलाच.

“जामीन मिळता साहेब, पण ते घेणत नाय,” शेवंती म्हणाली. “आपणच पोलिसांकडे जाऊन बसले. जेवणत नाय, बोलणत नाय. ‘माझ्याच हातान ती बाय मेली’ इतक्याच सांगतत. सोमवारी कोर्टात गुन्हा कबूल म्हणून सांगतले.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“माका काय वाटताला? त्यांचा काम सुटाचा नाय. पण आता त्यांकाच तसा वाटणा नाय.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुरुंगातून एक दिवस सुटतले हो. पण परत हातोडो धरूचे नाय. जो माणूस हातोडो धरणा नाय, तो माझो घोव नाय. तेवढा वाचवा.”

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही, त्यामुळे मला काही सुचेना. अशा वेळी मी मृणालताईंकडे जातो.

मृणालिनी खोत निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. आमच्याच सोसायटीत राहतात आणि सगळ्या सोसायटीला धाकात ठेवतात. मी गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात सुनेवर करवादत होत्या.

“बघ, माझ्या आईच्या वेळचा बिडाचा तवा. दीप्तीच्या हातून ओट्यावरून निसटला आणि झाले दोन तुकडे. आता घावणे कशावर घालू, तुझ्या डोक्यावर?”

दीप्तीने माझ्यासाठी पाणी ठेवलं आणि ती आतल्या खोलीत पसार झाली. मी सगळी हकीकत सांगितली. ताई तव्याचे तुकडे एकमेकांना लावून बघत ऐकत होत्या.

“आपणहून कबूल करणारा आरोपी मला कधीच आवडला नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना वाटतं, झालं काम. चल, आधी तो मोर बघू.”

“मोर काय बघायचाय, ताई? माणसाला भेटायचं ना?”

“माणूस त्याला काय वाटतं ते सांगेल. मोराला काही वाटत नाही.”

२

इन्स्पेक्टर नंदकिशोर घरत ताईंच्या हाताखाली शिकलेले. त्या पोलीस ठाण्यात शिरल्या तसे ते खुर्चीतून उठले, पण चेहऱ्यावर नाराजी होती.

“मॅडम, सरळ केस आहे हो. माणूस स्वतः चालत आला. यात शोधायचंय काय?”

“मोर दाखव.”

घरतांनी कपाटामागून पोत्यात गुंडाळलेली जाळी काढली. एका हाताने. दुसऱ्या हातात फोन तसाच होता. जाळी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि पोतं बाजूला केलं. काळा कुळकुळीत रंग. खालची पट्टी दुमडली होती आणि मोराची मान पिळल्यासारखी वाकडी झाली होती. कपाळावर कुंकवाचं बोट. एका कोपऱ्याला रक्त सुकलेलं दिसलं तशी मी नजर फिरवली. मला असल्या गोष्टी सोसत नाहीत, आणि सोसतात असं दाखवायची हौसही नाही.

ताई गुडघ्यावर बसल्या. कुंकवाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग वाकड्या मानेवरून त्यांनी बोट फिरवलं.

“घरत, पुन्हा एकदा उचल बघू.”

घरतांनी उचलला.

“ठेव. आता परबांना आण.”

जयवंत परब अंगापिंडाने थोराड माणूस. हातांवर भाजल्याच्या जुन्या खुणा. ते आले आणि मोराकडे पाठ करून बसले.

“परब, एकदा बघा तरी,” ताई म्हणाल्या.

“नको. बघवणा नाय.”

“बरं, नका बघू. मोर दगडात बसवता कसे, तेवढं सांगा.”

“जाळीला खाली कान असतात. ते दगडातल्या भोकात घालायचे आणि वितळलेलं शिसं ओतायचं. थंड झालं की दगड फुटेल, पण कान निघायचा नाही.” परबांनी मान खाली घातली. “कान निघालो ना पण. शिसं नीट भरलं नसणार. माझीच चूक.”

“मोर तुमच्याकडे होते तेव्हा वर्कशॉपमध्ये कोण कोण आलं?”

“तो धवल आला होता, जुन्या दारं-खिडक्या विकणारा, घाटकोपरचा. कठडा विकत मागत होता. बाईंचे दीर मधुकरराव आले, रंग पसंत करायला. आणि बाईंचा मुलगा, केयूरसाहेब. ते एक मोर घेऊन गेले, नक्षीचं ड्रॉइंग काढायचं म्हणून. परत आणून दिला. सगळे मोर मीच बसवले, एकही कमी नव्हता. मग गावाक गेलंय, देवगडला. दसराही तिकडेच केला. ही बातमी कळली तसा आलो.”

ताईंनी मान डोलावली आणि त्या घरतांकडे वळल्या.

“तुझ्या घरी बिडाचा तवा आहे?”

“आहे ना. का?”

“तो हातून पडला तर काय होतं?”

“फुटतो.”

“वाकतो का?”

घरत हसले, आणि मग हसणं तसंच ठेवून त्यांनी मोराच्या मानेकडे पाहिलं.

“बीड वाकत नाही,” ताई म्हणाल्या. “वरच्या मजल्यावरून फरशीवर पडलेला बिडाचा मोर तुला झाडूने गोळा करावा लागला असता. आणि एवढी बिडाची जाळी तू एका हाताने उचलून दाखव, मी तुला पेढे देते. हे ॲल्युमिनियम आहे. सबनीसांच्या कठड्यातला मोर हा नव्हेच.”

परबांनी पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं, सुटला माणूस. पण घरतांचं डोकं दुसऱ्याच वाटेने गेलं होतं.

“म्हणजे यानं खरा मोर विकला आणि नकली बसवला! मग आता हलगर्जीपणा कसला? चोरी, फसवणूक आणि सदोष मनुष्यवध. जामिनाचं विसरा आता, वकीलसाहेब.”

३

“छान केलंत,” बाहेर आल्यावर मी ताईंना म्हणालो. “चूक होती तिचा गुन्हा झाला. शेवंतीला काय सांगू आता?”

“काही सांगू नकोस. चल मोरवाल्या बंगल्यावर.”

तळमजल्यावर मधुकरराव सबनीस राहतात. कुंदाबाईंचे धाकटे दीर, एकटे. वहिनी आणि दीर यांचं गेली कित्येक वर्षं पटत नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. फरशीवरचा डाग कोणीतरी घासून काढायचा प्रयत्न केला होता, पण तो पुरता गेला नव्हता. खुर्ची मात्र त्यांनी नेहमीच्या जागेवरून हलवलेली नव्हती.

“भांडण कशावरून होतं तुमचं?” ताईंनी विचारलं.

“कुंड्यांवरून. मी सकाळी पेपर घेऊन इथे बसतो. आणि नेमकी तेव्हाच वहिनी वर टोकाला येऊन उभी राहणार, मध्ये येणारी कुंडी सरकवणार, आणि पाणी माझ्या पेपरवर. रोज! दुसरी जागा नव्हती का उभं राहायला?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता पेपर कोरडा असतो. वाचवत नाही तो भाग वेगळा.”

“दसऱ्यानंतर वर काही काम चाललं होतं का? ठोकाठोकी?”

“ठोकाठोकी नाही. कोजागिरीला दिवसभर घरघर ऐकू येत होती. मिक्सर असेल म्हटलं, मसाला दुधाचा. तो धवल नावाचा पोरगा मात्र या गल्लीत घिरट्या घालायचा, त्याला विचारा.”

ताईंनी तिथूनच धवलला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. “मावशी, मला अख्खा कठडा पाहिजे होता ना. एक मोर घेऊन मी काय करू? सेट तुटला की मालाची वाट लागली. त्या आजीने मला चहा पाजून हाकललं होतं. वाईट झालं यार.”

वर गंधाली भेटली, केयूरची बायको. घरूनच काम करते. डोळे सुजले होते, तरी तिने आम्हाला बसवलं आणि विचारलेलं सगळं नीट सांगितलं.

“मोरांना कुंकू कोण लावतं?” ताईंचा पहिला प्रश्न.

“मी. आई सांगायच्या, मी लावायचे. दसऱ्याला घरातली विळी, हातोडी, शिवणयंत्र, सगळ्याची पूजा झाली की कठडा. बाबा गेल्यापासून आई स्वतः लावत नसत, पण मागे उभ्या राहून बघायच्या. आधी हळद, मग कुंकू. एक मोर सुटलेला चालायचा नाही. ‘लोखंड आपल्याला धरून असतं गं, त्याला मान द्यावा,’ म्हणायच्या.” तिने डोळे पुसले. “मी म्हणायचे, आई, आता पुरे, माझी मीटिंग आहे.”

“यंदा कोजागिरी घरीच केलीत?”

“नाही. मी आणि आई डोंबिवलीला होतो, माझ्या माहेरी. केयूरची अंधेरीला साइट होती, म्हणून तो आला नाही.”

“आणि त्या सकाळी?”

“आई रोजच्यासारख्या टोकाला उभ्या होत्या. मी आत होते. आधी कसलातरी कडकन आवाज आला आणि मग काकांची हाक...”

तेवढ्यात केयूर आत आला. केयूर आर्किटेक्ट आहे, कॅफे आणि हॉटेलं सजवतो. दाढी वाढलेली, डोळे लाल. दुःखाचं सोंग मी कोर्टात पुष्कळ पाहिलंय. हे सोंग नव्हतं.

“तुम्ही परबची बाजू मांडताय ना?” तो मला म्हणाला. “मांडा. पण मला एक सांगा, आई त्या टोकाला गेलीच कशाला? नुसती कुंड्यांची अडगळ आहे तिथे. कधी कोणी उभं राहत नाही. नेमकी त्या दिवशी कशी गेली?”

गंधालीने त्याच्याकडे चमकून पाहिलं. मग ती कप उचलून आत गेली.

“तुम्ही कुठे होता त्या वेळी?” ताईंनी विचारलं.

“नुकताच निघालो होतो. गाडी वळणापर्यंत गेली असेल, तेवढ्यात गंधालीचा फोन.”

४

ताईंना गॅलरी बघायची होती. केयूर फोनवर बोलत आतल्या खोलीत गेला आणि आम्ही दोघं बाहेर आलो.

कठडा खरोखर देखणा. परबांनी काम जीव ओतून केलं होतं. पिसांच्या रेघा न् रेघा मोकळ्या झाल्या होत्या. प्रत्येक मोराच्या कपाळावर हळदीचा पिवळा ठिपका आणि त्यावर कुंकू. ताई एकेका मोरापाशी वाकून बघत पुढे सरकत होत्या. टोकाशी मात्र नुसती दोरी बांधून ठेवली होती, आणि दोरीपलीकडे रस्ता.

“सुबोध, पोलीस ठाण्यातला मोर आठव. कपाळावर काय होतं?”

“कुंकू.”

“आणि?”

“आणि काय? कुंकूच.”

“हळद कुठे गेली?”

मी म्हटलं, पडताना झडली असेल. ताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वकिली सोडावी. मग त्या दोरीपाशी खाली बसल्या, दगडी पट्टीतल्या भोकात त्यांनी बोट घातलं आणि मला खूण केली. मीही घातलं. आत वरवर पांढरा, ठिसूळ लेप होता, भिंतीची भेग बुजवायला वापरतात तसला. त्याच्या खाली गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. शिसं. ते निघून आलेलं नव्हतं. मधोमध गोल पोखरलेलं होतं, आणि कडेला बारीक गोलगोल चरे होते.

“ड्रिल!” माझ्या तोंडून जरा मोठ्यानेच निघालं.

“हळू बोल. हाच तो मधुकररावांचा मिक्सर.”

“म्हणजे कोजागिरीला बायका डोंबिवलीला आणि...”

“उद्या तू मला अंधेरीला कॉफी पाजणार आहेस,” ताई उठत म्हणाल्या. “मी कोठडीत जाऊन परबांशी आणखी दोन शब्द बोलून येते. तू सोमवारची तयारी करू नकोस.”

५

ते कॅफे नवं होतं. दसरा आणि दिवाळीच्या मध्ये सुरू झालेलं. आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर मागून पिवळा उजेड सोडलेला, आणि त्या उजेडात काचेआड एक मोर. पिसारा मिटलेला, मान मागे वळवलेली. दोन मुली त्याच्यापुढे उभ्या राहून स्वतःचे फोटो काढत होत्या.

आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरलं.

“तुम्हाला कसं कळलं इथे आहे ते?”

“केयूर कॅफे सजवतो, काम अंधेरीला चालू होतं. लोक असल्या ठिकाणी फोटो काढून टाकतातच. दीप्तीने फोनवर शोधून दिलं. तव्याचं प्रायश्चित्त.” ताईंनी कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आता वकील म्हणून सांग. हा खून की चोरी?”

“बाई मेल्या ना.”

“मारायचंच असतं तर शिसं पोखरून खराच मोर सैल सोडला असता. साचा काढा, नवा मोर ओतून घ्या, हुबेहूब रंगवा, एवढा खटाटोप कशाला? ज्याने हे केलं त्याला तो नकली मोर वर्षानुवर्षं तिथेच राहायला हवा होता. म्हणजे चोरी. आता, कधी झाली? गंधाली प्रत्येक मोराला आधी हळद लावते, मग कुंकू. दसऱ्याला नकली मोर तिथे असता तर त्यालाही हळद लागली असती. म्हणजे तो नंतर आला. परब तेव्हा देवगडला होते.”

“मग त्याला कुंकू कोणी लावलं?”

“ज्याला ठाऊक होतं की बिनकुंकवाचा मोर कुंदाबाई एका नजरेत ओळखतील. धवलला हे कुठून कळणार? माणूस घरातला. पण असा की ज्याने हा प्रकार दरवर्षी लांबून बघितला आणि स्वतः कधी बोट बुडवलं नाही. हळदीशिवाय कुंकू लावणारी बाई मला एक दाखव.”

“मधुकरराव पुरुष आहेत. घरातलेच आहेत.”

“त्यांना वहिनी रोज टोकाला दिसायची. त्यांच्या पेपरवर पाणी सांडायचं. एवढी लांब गॅलरी पडलीय, आणि चोर नकली मोर नेमका तिथे बसवेल जिथे एक म्हातारी रोज रेलते? हे लक्षात घे. चोराने टोक निवडलं, कारण त्याची खात्री होती की तिथे कोणी उभं राहत नाही.”

हे वाक्य मी कालच ऐकलं होतं. कोणाच्या तोंडून, तेही आठवलं. कप मी खाली ठेवला.

“पण ताई, तो त्याच घरात वाढला. काकांना माहीत, बायकोला माहीत, मग त्यालाच कसं माहीत नाही?”

“ते मला परबांनी सांगितलं. पण उद्या परबच त्याला सांगू देत. स्वतः काय बोलून गेले, ते बिचाऱ्यांना कळणारही नाही.”

त्यांनी मॅनेजरला बोलावलं. प्रांजल नावाचा हसतमुख मुलगा होता. मोराचं कौतुक केल्यावर तो खुलला. “मस्त आहे ना? आमच्या आर्किटेक्टसरांच्या आजोबांच्या घरचा आहे. खरं अँटिक. आम्ही पॉलिश करणार होतो, पण सर जाम भडकले. त्या डोक्यावर काहीतरी लागलंय ना, ते पुसायचं नाही म्हणाले. वरून काच लावा, पण हात लावू नका.”

आम्ही काचेजवळ गेलो. मोराच्या कपाळावर हळद होती, आणि हळदीवर कुंकू.

६

सोमवारी सकाळी, कोर्टाच्या आधी, घरतांनी परबांना मोरवाल्या बंगल्यावर आणलं. मृणालताईंचा शब्द अजून चालतो. गॅलरीत आम्ही सगळे दाटीने उभे होतो. केयूर आणि गंधाली, मधुकरराव, दाराशी शेवंती. परब मान खाली घालून आले आणि दोरीपाशी येताच थांबले.

“परब, भोकात बोट घाला,” ताई म्हणाल्या.

परबांनी शेवंतीकडे पाहिलं. मग ते गुडघ्यावर बसले, बोट आत घातलं, आणि तिथेच थिजले. दुसऱ्या भोकात घातलं. मग घाईघाईने पांढरा लेप नखाने उकरून काढला आणि वाकून डोळा लावला.

“ह्यां शिसां माझां,” ते म्हणाले. “ह्यां सुटूक नाय.” त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. “साहेब, हे सुटलं नाही! कोणीतरी पोखरून काढलंय. माझं काम जागेवर आहे!”

शेवंती तिथेच दाराला टेकून खाली बसली. इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिला आता आलं.

केयूरचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो बोलला. “मग आई गेलीच कशाला इकडे? इथे कोणी कधी उभं राहत नाही!”

“असं कसं म्हणता, साहेब?” परब अजून भोकाकडेच बघत होते. “काम चालू होतं तेव्हा रोज सकाळी बाई मला इथून उठवायच्या. ‘सरक रे जयवंता, केयूर निघाला.’ मी म्हणायचो, बाई, मधे उभ्या राहा ना, तिकडे कुंड्या नाहीत. तर म्हणायच्या, मधून फाटकापर्यंतच दिसतं रे. टोकावरून पार वळणापर्यंत गाडी दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत हात करत राहायच्या.” मग अगदी सरळपणे त्यांनी विचारलं, “तुम्ही कधी वर बघितलं नाय?”

गंधालीने डोळे मिटून घेतले. केयूर आधी परबांकडे, मग त्या दोरीकडे, मग खालच्या फरशीकडे बघत राहिला.

“मला वाटायचं ती आत जाते,” तो म्हणाला. “दारातून अच्छा केलं की आत जाते.”

ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यात तेवढा चांगुलपणा नव्हता.

“अंधेरीचा मोर आम्ही पाहिला, केयूर,” त्या म्हणाल्या.

“एकच हवा होता. क्लायंटला फोटो दाखवून बसलो होतो. आईला विचारलं तर म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत कठड्याचा एक तुकडा हलणार नाही. म्हटलं, तिला कळणारच नाही. हुबेहूब करून घेतला. कोणाचा हातसुद्धा लागणार नाही अशा जागेचा घेतला. मुद्दाम.” त्याने परबांकडे पाहिलं नाही. “ती गेली, आणि मग सांगायचं राहूनच गेलं.”

“राहून गेलं?” मला राहवलं नाही. “हा माणूस कोठडीत उपाशी बसला होता, आणि तुमचं राहून गेलं?”

मधुकरराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. गंधाली आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. केयूरने दारावर दोनदा हाक मारली. ते उघडलं नाही. मग तो घरतांबरोबर जिना उतरला.

खाली जीप सुरू झाली. पाहायचं नव्हतं, तरी मी पाहत राहिलो. फाटक मागे पडलं, कोपऱ्यावरचं फुलांचं दुकान मागे पडलं. वळणाशी आल्यावर जीप जरा थांबली. केयूरने मान मागे वळवली आणि वर, या टोकाकडे पाहिलं.

नीट दिसावं म्हणून मी नकळत पुढे सरलो. तेव्हा माझ्या छातीशी काहीतरी आडवं आलं. परबांचा हात होता. मोर नव्हता त्या जागी ते उभे होते, शेजारच्या मोराच्या पुढे उरलेल्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात आडवा धरला होता, कोणी पुढे जाऊ नये म्हणून.